घरच्या बोलीतील गोष्ट

डहाणू तालुक्यातील कोसबाडची टेकडी महाराष्ट्राच्या शिक्षणाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्राचे काम सुरू केले; पुढे ते केंद्र या टेकडीवर आले. पाड्यांवरील आदिवासी मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसताच ताराबाईंनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. हीच अंगणवाडी होय. गुरांमागे रानात जाणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. शिंपले, बिया, पाने आणि खडे ही तेथील शिक्षणाची साधने झाली. मूल शाळेपर्यंत येत नसेल, तर शाळेने मुलापर्यंत जावे, हे या कार्याचे मुख्य सूत्र होते.

जे अंगणाविषयी खरे, तेच भाषेविषयीही खरे आहे. डहाणू आणि तलासरी हे तालुके पूर्वी ठाणे जिल्ह्यात होते; १ ऑगस्ट २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात आहेत. येथील अनेक मुले घरी वारली बोली बोलतात, आणि शाळेचे पुस्तक मात्र प्रमाण मराठीत असते. या भागातील बालकांच्या कुपोषणाचा प्रश्न अद्याप सुटलेला नाही. अशा ठिकाणी आरोग्याच्या गोष्टी दोन भाषांत असाव्यात : एका पानावर वारली, समोरच्या पानावर मराठी आणि मध्ये चित्र. दोन्ही मजकूर देवनागरीतच लिहिता येतात.

याची गरज एका साध्या उदाहरणावरून कळेल. जुलाब होणाऱ्या बालकाला जलसंजीवनी देतात. उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सहा लहान सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावयाचे असते. हे प्रमाण उलटे झाले, तर औषधच अपायकारक ठरेल. म्हणून ऐकणाऱ्या आईला आणि आजीला ते आपल्या बोलीत, निःसंशय समजले पाहिजे. शाळेत वाचलेली गोष्ट मूल संध्याकाळी चुलीपाशी सांगते; पण ती घरच्या बोलीत असेल, तरच सर्वांना पुरती उमजते.

कोणी म्हणेल, मुलांना पुढे मराठीच शिकावयाची आहे, मग बोलीचा हा खटाटोप कशासाठी? मराठी त्यांना अवश्य यावी. दवाखान्यातील चिठ्ठी आणि सरकारी कचेरीतील अर्ज त्यांना वाचता आले पाहिजेत. परंतु ओळखीच्या शब्दाचा हात धरून अनोळखी शब्दाकडे जाणे सोपे असते. समोरासमोरची दोन पाने नेमके हेच साधतात.

मात्र अशा गोष्टींनी आदिवासी घराला अडाणी ठरवू नये. नागलीत, म्हणजेच नाचणीत, हाडे बळकट करणारे कॅल्शियम तांदळाच्या कितीतरी पट असते, आणि नागलीची भाकरी या डोंगराळ भागात पूर्वापार खाल्ली जाते. पावसाळ्याच्या आरंभी रानात उगवणारे शेवळ घशाला खाजते, म्हणून त्याच्या भाजीत काकडाची आंबट फळे घालतात. ही युक्ती कोणा तज्ज्ञाने शिकविलेली नाही. ती तेथील आजीबाईंची आहे. तेव्हा गोष्ट लिहिणाऱ्याने आधी त्या आजीचे ऐकावे आणि मग लेखणी उचलावी. हात धुण्याचा आणि पाणी उकळण्याचा नवा धडा अशा जुन्या शहाणपणाच्या शेजारी बसला, म्हणजे तो परका वाटत नाही.

केवळ गोष्टींनी पोट भरत नाही, हेही खरे. पुरेसे अन्न, शुद्ध पाणी आणि जवळचा दवाखाना यांना दुसरा पर्याय नाही, आणि ते मिळवून देणे हे समाजाचे कर्तव्य आहे. परंतु मिळालेल्या साधनांचा उपयोग समजुतीनेच होतो, आणि समजूत प्रथम घरच्या भाषेतून येते. ताराबाईंनी शाळा अंगणापर्यंत नेली; आता पुस्तकाने उंबरठा ओलांडून चुलीपर्यंत गेले पाहिजे.