लिफ्टचा दोर तुटला तर?

झोपडी, चाळ सोडून उंच इमारतीत राहायला गेलेल्या आयाबहिणी आम्हाला हाच प्रश्न विचारतात. दोर एकच नसतो. पोलादी तारांचे अनेक दोर असतात. तरीही डबा मर्यादेबाहेर वेगाने खाली येऊ लागला, तर त्याची पकड दोन्ही बाजूंचे रूळ घट्ट आवळते. दोर तुटताच डबा अडवणारी पकड एलिशा ओटिस यांनी १८५४ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात, स्वतः उंचावर उभे राहून दोर कापायला लावून, लोकांना दाखवली. धाडसच म्हणायचे!

दोरांच्या एका टोकाला डबा, दुसऱ्याला प्रतिभार. त्याचे वजन रिकामा डबा अधिक सुमारे निम्मी माणसे एवढे. म्हणून मोटारीला फक्त फरक ओढावा लागतो. रिकामा डबा तर वरच जाऊ पाहतो. वीज गेली की स्प्रिंगने ब्रेक आपोआप बसतो. मोटार बहुधा गच्चीवरच्या खोलीत असते. नव्या पद्धतीत ती लिफ्टच्या विहिरीतच मावते. थोड्या मजल्यांसाठी तेलाच्या दाबावर चालणारी हायड्रॉलिक लिफ्टही असते.

खरा धोका दोराचा नाही, दाराचा आहे. लिफ्ट दोन मजल्यांमध्ये अडकली की लोक दार ताणून खालच्या मजल्यावर उडी मारतात. तोल गेला तर माणूस डब्याखालच्या मोकळ्या विहिरीत जातो. आत हवा येत असते, जीव गुदमरत नाही. घंटा दाबा, मुलांना जवळ घ्या, कारागीर येईपर्यंत थांबा. आणि सोसायटीच्या सभेत विचारा, देखभालीचा करार चालू आहे का? हिशेबात काटकसरीची कात्री आधी त्यावरच चालते, हे आम्ही पाहतो.