लाजेचा व्यापार

ग्राहक हा राजा आहे, असे व्यापारी सांगतो. गरजा कमी करा, असे उपदेशक सांगतो. आमच्या समाजाने या दोघांपुढेही मान डोलवावी अशी अपेक्षा दिसते. ती पुरी करण्यास आम्ही तयार नाही.

उपदेशकाचा समाचार प्रथम घेऊ. ज्यांच्या पानावरची तुपाची धार पिढ्यान्‌पिढ्या तुटली नाही, त्यांनी आम्हांस अल्पसंतोषाचे धडे द्यावेत, यासारखा विनोद नाही. १९३५ च्या नोव्हेंबरात अहमदाबाद जिल्ह्यातील एका गावी अस्पृश्य स्त्रिया धातूच्या भांड्यांतून पाणी आणू लागल्या, एवढ्यावरून त्यांना मारहाण झाली. पुढच्याच वर्षी जयपूर संस्थानातील चकवारा येथे अस्पृश्यांच्या पंगतीत तूप वाढले गेले, म्हणून स्पृश्य हिंदू लाठ्या घेऊन धावून आले व त्यांनी अन्नाची नासाडी केली. इंदूरकडील बलाई लोकांनी रंगीत काठाचे धोतर नेसू नये, त्यांच्या स्त्रियांनी सोन्याचांदीचे दागिने घालू नयेत, असे हुकूम सुटले होते. हे सारे बाबासाहेबांनी १९३६ साली ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ या ग्रंथात नमूद करून ठेवले आहे. त्याच बाबासाहेबांनी १९२७ च्या डिसेंबरात महाडला जमलेल्या भगिनींना सांगितले, की लुगडे वरिष्ठ वर्गातील स्त्रियांप्रमाणे नेसा आणि अस्पृश्यतेची खूण पटविणारे गळाभर, हातभर दागिने टाकून द्या. एक वस्तू घ्यावयास सांगितली, दुसरी टाकावयास. कसोटी एकच होती: ती वस्तू माणसाची मान वर करते की खाली?

आता व्यापाऱ्याकडे वळू. धातूचे भांडे घेणाऱ्या त्या बाईची इच्छा तिची स्वतःची होती. तिच्या आड गाव उभे होते. तो लढा संपलेला नाही. घोड्यावर बसलेल्या आमच्या नवरदेवावर आजही दगड पडतात. परंतु बाजारात दुसराच प्रकार चालतो. तेथे इच्छाच दुसरा कोणीतरी तयार करतो आणि ती आमची म्हणून आमच्या पदरात घालतो.

त्वचा उजळविणाऱ्या मलमाचे उदाहरण घ्या. ‘फेअर अँड लव्हली’ हे मलम १९७५ साली या देशात विक्रीस आले. त्याच्या एका जाहिरातीत बाप आपल्याला मुलगा नसल्याबद्दल हळहळतो. सावळी मुलगी ते ऐकते. मग मलम येते, मुलगी गोरी होते आणि हवाईसुंदरीची नोकरी मिळवून आईबापांना सुखात ठेवते. अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेने आवाज उठविल्यानंतर २००३ साली अशा जाहिरातींवर कारवाई झाली. पण मुळात विकली गेली ती लाज. मलम हा त्या लाजेवरचा उतारा म्हणून मागाहून आला. जिला आपल्या रंगाबद्दल काहीच वाटत नाही, ती मुलगी डबी घेणार कशाला? म्हणून प्रथम तिला आरशासमोर उभे करून अपराधी ठरवावे लागते. जन्माने मिळालेली गोष्ट दोष म्हणून दाखवावयाची, आणि त्या दोषाच्या क्षालनासाठी दक्षिणा मागावयाची, हा धंदा आम्हांस अपरिचित आहे काय? शतकानुशतके पुरोहिताने तो आमच्याच जिवावर चालविला. २०२० साली अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइड याची हत्या झाली आणि वर्णद्वेषाविरुद्ध जगभर लोक रस्त्यावर आले, तेव्हा कंपनीने नावातील ‘फेअर’ काढून तेथे ‘ग्लो’ घातले. बारसे नवे, बाळ जुने.

आणि आता तर दुकान खिशातच आले आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’ या नावाखाली १३ फसव्या क्लृप्त्यांना मनाई केली. ‘दोनच नग उरले, त्वरा करा’ ही खोटी घाई त्यांत आहे. नको म्हणणाऱ्याला ओशाळे वाटेल अशा शब्दांत त्याचा नकार लिहून घेणे, हीही त्यांत आहे. लाज हे व्यापाराचे हत्यार आहे, हे खुद्द राजपत्रानेच मान्य केले म्हणावयाचे!

तथागतांनी या यंत्राचा सांधा फार पूर्वी दाखवून ठेवला आहे. स्पर्शातून वेदना, वेदनेतून तृष्णा, तृष्णेतून उपादान. (वेदना म्हणजे येथे नुसते दुखणे नव्हे, सुखाची, दुःखाची वा दोन्हींवाचूनची जाणीव.) जाहिरातदाराला वेदना आणि तृष्णा यांच्यामध्ये क्षणाचीही फट नको असते. पाली भाषेत जिला सती म्हणतात ती जागृती नेमकी त्याच फटीत उभी राहते, आणि विचारते: ही वस्तू मला हवी आहे, की मला कमी लेखले गेले म्हणून हवीशी वाटते आहे? हल्ली ध्यानही वर्गणी घेऊन मोबाईलवर विकले जाते. त्याविषयी न बोललेले बरे.

सिगालोवाद सुत्तात गृहस्थाच्या मिळकतीचे चार भाग सांगितले आहेत. एक उपभोगास, दोन व्यवसायास, एक संकटसमयासाठी राखून. त्यात उपभोगाचा भाग आहे, हे उपदेशकाने ध्यानात घ्यावे. हप्त्याचा भाग नाही, हे आम्ही. कर्ज नसणे हे गृहस्थाचे एक स्वतंत्र सुख आहे, असे तथागतांनी अनाथपिंडिकाला सांगितले होते. आमच्या वस्त्यांतून सावकार उठला. पण मोबाईलचा हप्ता, मोटारसायकलचा हप्ता त्याच्याच ओट्यावर येऊन बसला.

भान ज्याचे त्याने राखावे हे खरे. म्हणून शासनाने हात झटकावेत, हे आम्हांस मान्य नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीस प्रथम १० लाखांपर्यंत आणि पुन्हा तोच अपराध घडल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. जाहिरातीवर कोट्यवधी रुपये उधळणाऱ्याला हा दंड म्हणजे चहापाणी होय. तो विक्रीच्या प्रमाणात असला पाहिजे, अशी आमची मागणी आहे.

सरकारकडे बोट दाखविताना आमच्या दारातलेही पाहिले पाहिजे. आमच्या वधू-वर मेळाव्यांच्या परिचयपत्रांत ‘वर्ण’ असा एक रकाना असतो, आणि त्यात ‘गोरा’, ‘निमगोरा’ असे लिहिले जाते. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांतून हे कागद फिरतात! कंपनीने जाहिरात बंद केली तरी हा रकाना तिचे काम फुकट करीत राहील. पुढील मेळाव्याच्या अर्जातून तो कोणकोणत्या मंडळांनी काढून टाकला, हे त्यांनी आम्हांस कळवावे. त्यांची नावे आम्ही पहिल्या पानावर छापू.