लेखक दुकानात आले, गल्ल्यात काय आलं?

पुस्तकांचं दुकान टाकायचं म्हणणारे मला हमखास विचारतात, "सर, उद्घाटनाला मोठा लेखक आणू का?" माझं मत स्पष्ट आहे: पहिल्या वर्षी नको.

हिशोब बघा. २५० रुपयांचं पुस्तक, त्यात तुम्हाला सुटतात समजा २५ टक्के, म्हणजे साडेबासष्ट रुपये. खुर्च्या, माइक, चहा, फ्लेक्स, लेखकाचा प्रवास मिळून ३,००० धरले, तर ४८ पुस्तकं खपल्यावर कुठे तुम्ही शून्यावर येता. माझ्या पहिल्या कार्यक्रमाला साठ माणसं होती. खपली अकरा पुस्तकं. बाकीच्यांनी लेखकासोबत फोटो काढले आणि गेले. भाड्याची एक खुर्चीही मोडली, तिचे पैसे वेगळे. मी तर हा नादच सोडणार होतो.

मग उलटं केलं. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आठ-दहा जण, एक सतरंजी, एकच पुस्तक. चर्चेला बसायचं तर पुस्तक आधी घ्यावं लागतं, म्हणजे विक्री आधीच होते. सहा महिन्यांनी, गटाने वाचलेल्या एका पुस्तकाच्या लेखिकेला बोलावलं. लोकांनी असे प्रश्न विचारले की बाई दोन तास उठल्या नाहीत. जाताना गटातल्यांनी त्यांची जुनी पुस्तकंही मागितली.

तारीख मात्र बघून ठरवा. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन, १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन. तेव्हा लेखक शाळा-कॉलेजांत अडकलेले असतात. साधा रविवार बरा. आणि प्रती परतीच्या बोलीवरच घ्या, नाहीतर उरलेला गठ्ठा तुमच्याच माळ्यावर.