रविवार आपला : हरवलेली तळी



गेल्या पावसाळ्यातली गोष्ट आहे. शनिवारची सकाळची शाळा सुटली, दप्तर कोपऱ्यात गेलं आणि आमच्या भाचीबाई कॉटवर आडव्या झाल्या. बाई सातवीत आहेत. छताकडं बघत त्यांनी एक मोठा उसासा सोडला.

"मामा, आपल्या कोल्हापुरात काहीच नसतं बघ. पुण्याच्या माझ्या मैत्रिणीकडं दर रविवारी काहीतरी असतं. नाटक असतं, प्रदर्शन असतं. आपल्याकडं काय? उठायचं आणि रंकाळ्यावर जाऊन भेळ खायची!"

चौथीतल्या भाच्यानंही लगेच मान डोलावली. खरं तर त्याची भेळेबद्दल काहीच तक्रार नव्हती.

मी म्हटलं, "बरं. मग या रविवारी आपण तळी बघू या."

"तळी? रंकाळा पाहिलाय की शंभर वेळा!"

"रंकाळा नाही. जी तळी आता नाहीत, ती."

बाई उठून बसल्या. "नसलेली तळी बघायची कशी?"

"गुप्तहेर चोराला कसा शोधतो? मागं राहिलेल्या खुणांवरून. आपणही खुणा शोधायच्या. वही घे."

वहीत तीन रकाने आखले. पहिला : तळ्याचं नाव. दुसरा : तिथं आज काय आहे? तिसरा : पाणी आहे का? मग आजीला विचारून नावांची यादी केली. आजी स्वयंपाकघरातूनच सांगत होती, "रंकाळा, पेटाळा, पद्माळा, खंबाळा, सिद्धाळा... शिवाय कोटितीर्थ, कपिलतीर्थ, वरुणतीर्थ, रावणेश्वर... आणि किती सांगू?"

भाचीनं पेन थांबवलं. "एवढी? आणि मला फक्त रंकाळा, कोटितीर्थ आणि कळंबा माहीत!"

संध्याकाळी पावसानं जरा उघडीप दिली, तसे आम्ही निघालो. आधी खासबाग मैदान. इथं तळं शोधायचं नव्हतं, पण वाटेवरचं खासबाग टाळून पुढं जाईल तो कोल्हापूरकर कसला! कुस्तीचं हे मैदान राजर्षी शाहू महाराजांनी बांधून घेतलं आणि 1912 साली ते खुलं झालं. महाराज 1902 साली विलायतेला गेले होते, तेव्हा वाटेत त्यांनी रोममधलं जुनं गोल क्रीडागार पाहिलं. आपल्या पैलवानांसाठीही असं काही हवं, हे तिथंच त्यांच्या मनात आलं, असं सांगतात. मैदानाचा आकार एखाद्या मोठ्या वाडग्यासारखा आहे. मधोमध लाल मातीचा हौदा आणि चहूबाजूंनी वर चढत गेलेली बैठक. त्यामुळं अगदी शेवटी बसलेल्यालाही कुस्ती दिसते.

"मामा, यात पाणी भरलं तर हेसुद्धा तळंच होईल," भाचा म्हणाला.

वाडग्याची ही गोष्ट लक्षात ठेवा बरं का. ती पुढं उपयोगी पडणार आहे.

तिथून जवळच शाहू स्टेडियम. थंडी सुरू झाली की इथं फुटबॉलचा हंगाम रंगतो. आपल्याकडं तालमींचे आणि पेठांचे फुटबॉल संघ असतात, हे तुम्हांला माहीत आहेच. सामना असला की गॅलरी माणसांनी फुलून जाते. त्या दिवशी मात्र सगळं शांत होतं. जवळच रावणेश्वराचं देऊळ आहे. भाचीनं देवळाकडं पाहिलं, मग यादीकडं पाहिलं, आणि एकदम ओरडली, "रावणेश्वर! म्हणजे इथं तळं होतं?"

होतं. जिथं आज गोल झाला की टोप्या उडतात, तिथं एके काळी रावणेश्वराचं तळं होतं. तळं गेलं, देऊळ राहिलं. पहिली खूण सापडली!

वहीत नोंद झाली : रावणेश्वर. आज फुटबॉलचं मैदान. पाणी नाही.

रात्रभर पाऊस कोसळला. रविवारी सकाळी छत्र्या घेऊन आम्ही अंबाबाईच्या देवळाजवळच्या कपिलतीर्थ मंडईत गेलो. आजीनं पिशवी देऊन ठेवली होती, तेव्हा शोधाबरोबर मेथी आणि दोडकेही आणायचे होते. मंडईत कपिलेश्वराचं देऊळ आहे. कपिलेश्वर म्हणजे कोल्हापूरचं ग्रामदैवत. कित्येक जण त्याच्यासमोरून रोज भाजी घेऊन जातात आणि त्यांना हे ठाऊकही नसतं.

भाचीनं भाजीवाल्या मावशींना विचारलं, "मावशी, कपिलतीर्थ कुठं आहे?"

"ही काय, हीच की मंडई!"

"मंडई नव्हे, तीर्थ. पाणी."

मावशी हसल्या. मेथीची जुडी पिशवीत टाकत म्हणाल्या, "ते होय? ते तुझ्या पायाखाली हाय बाळा."

भाच्यानं चटकन पाय उचलला! आम्ही सगळे हसलो. पण मावशींनी सांगितलं ते खरंच होतं. तळं बुजलं आणि त्या जागी बाजार भरू लागला. आता 'तीर्थ' हा शब्द तेवढा उरला आहे. दुसरी खूण म्हणजे नाव. जिथं नावात पाणी आहे पण जागेवर पाणी नाही, तिथं जरा थांबायचं आणि विचारायचं.

वाटेत मिसळ झाली. (कट भाच्यानं माझ्यापेक्षा जास्त घेतला, हे त्याच्या आईला सांगू नका.) मग आम्ही शिवाजी पेठेत शिरलो. भाचीनं आता दुकानांच्या पाट्या वाचायचा सपाटा लावला होता. एका पाटीपाशी ती थबकली. पत्त्यात लिहिलं होतं, 'वरुणतीर्थ वेस'.

"मामा, वरुण म्हणजे पाण्याचा देव ना? मग तळं इथंच कुठंतरी असणार!"

"चल, पुढं बघू."

पुढं गांधी मैदान होतं. आणि काय सांगू मित्रांनो, मैदान दिसतच नव्हतं! रात्रीच्या पावसानं ते पाण्यानं भरलं होतं. वाऱ्यानं त्यावर बारीक लाटा उठत होत्या. कडेला चार-पाच मुलं बॅट घेऊन हिरमुसून उभी होती.

"दर पावसाळ्यात असंच," त्यांतला एक म्हणाला. "तळं होतंय नुसतं."

भाची पाण्याकडं बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "होत नाही. ते परत आलंय."

शेजारी एक आजोबा छत्री टेकून उभे होते. त्यांनी तिचं बोलणं ऐकलं. "बरोबर बोललीस पोरी. हेच वरुणतीर्थ. आमचा आज्जा सांगायचा इथल्या तळ्याच्या गोष्टी. माणसं विसरली, पाणी विसरत न्हाई."

आता खासबागेचं ते वाडगं आठवा. तळं बुजवताना त्यात माती आणि मुरूम टाकतात. पण भोवतालच्या जमिनीचा उतार काही बदलत नाही. पाऊस पडला की चारी बाजूंचं पाणी त्या उतारानं पूर्वीसारखंच वाहत येतं. पूर्वी ते तळ्यात साठायचं, हळूहळू जमिनीत मुरायचं आणि आसपासच्या विहिरींना उपयोगी पडायचं. आता ते येतं आणि त्याला जागाच सापडत नाही. मग आपण म्हणतो, "काय हे, पाणी तुंबलं!" खरं तर पाणी आपल्या जुन्या घरी आलेलं असतं. घर दुसऱ्यानं घेतलंय, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

मग तळी बुजवली तरी का? भाचीनंही हेच विचारलं. मी म्हटलं, तुमच्या घरात नळ आला, तेव्हा आडाचं काय झालं? त्यावर झाकण पडलं. गावाचंही तसंच होतं. नळाचं पाणी घरात आलं की तळ्यावरची ये-जा कमी होते. ये-जा थांबली की लक्ष उडतं. मग कुणी कचरा टाकतं, डास होतात, वास येतो, आणि लोकच म्हणू लागतात, "बुजवा एकदाचं!" वाढत्या गावाला मैदान हवं असतं, मंडई हवी असते, बाग हवी असते. ही हौस वाईट नाही. गांधी मैदानावर खेळूनच कितीतरी मुलं मोठी झाली आहेत. पण जुनं घालवताना आपण काय घालवतोय, हे माहीत तरी असावं की नाही?

पेटाळ्याकडं नुसती नजर टाकली. तिथंही मैदानच आहे. सिद्धाळ्याची बाग झाली. वहीच्या तिसऱ्या रकान्यात एकाखाली एक 'नाही, नाही, नाही' असं भरत चाललं होतं. (वरुणतीर्थापुढं मात्र भाचीनं लिहिलं, 'पावसाळ्यात आहे!')

शेवटी रंकाळा. तोच, शंभर वेळा पाहिलेला. पलीकडं शालिनी पॅलेस, पाण्यात बुडालेला संध्यामठ. पाणी खूप उतरलं की हा दगडी मठ वर डोकावतो. इथल्या नंदीची गोष्ट आजीकडून ऐकली आहे ना? हा नंदी रोज गव्हाएवढा पुढं सरकतो आणि तांदळाएवढा मागं येतो, आणि तो रंकाळ्यात पोचेल त्या दिवशी जग बुडेल, अशी जुनी समजूत! भाच्यानं लगेच नंदी किती लांब आहे याचा अंदाज घेतला आणि "अजून वेळ आहे" असं जाहीर केलं.

भाचीनं वही उघडली. रंकाळा. आज : तळंच. पाणी : आहे.

पेन मिटताना ती म्हणाली, "मामा, हा तरी राहील ना?"

मित्रांनो, या प्रश्नाला चटकन 'हो' म्हणायचं माझ्या जिवावर आलं. कारण मीच हा रंकाळा केंदाळानं हिरवागार झालेला पाहिला आहे. सांडपाणी मिसळून त्याला वास सुटलेलाही पाहिला आहे. तेव्हा कोल्हापूरकरांनी आरडाओरडा केला, हातात खोरी-पाट्या घेतल्या, वर्तमानपत्रांतून लिहिलं. गणपतीच्या दिवसांत मूर्ती काहिलीत किंवा जवळच्या इराणी खणीत विसर्जित करण्याची सवयही लोकांनी लावून घेतली. का? कारण रंकाळ्यावर रोज माणसं येतात. कुणी फिरायला, कुणी भेळ खायला. आणि ज्या तळ्यावर माणसं येतात, त्याचं दुखणं कुणाला ना कुणाला दिसतंच.

तेव्हा मी तिला एवढंच म्हटलं, "आपण येत राहिलो, तर राहील."

"म्हणजे भेळ खायला यायलाच पाहिजे!" भाचा म्हणाला. आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्याचं म्हणणं सगळ्यांना पटलं.

या शनिवारी-रविवारी तुम्ही काय कराल?

घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाला विचारा, "पूर्वी आपल्या गावात तळी कुठं होती?" तीन रकान्यांची वही करा. पाट्या वाचा, देवळं बघा, आणि पावसानंतर पाणी कुठं साठतं तेही टिपून ठेवा. कोल्हापूरच्या मुलांसाठी कोडं : पद्माळा आणि खंबाळा कुठं होते? आम्ही अजून तिथं गेलेलो नाही. तुम्ही आमच्या आधी शोधा!

दुसऱ्या गावच्या मुलांनी रुसू नये. मुंबईत धोबीतलाव आहे, पण तलाव कुठं आहे? पुण्याच्या सारसबागेतल्या गणपतीला 'तळ्यातला गणपती' का म्हणतात? तुमच्याही गावात असं एखादं नाव असेलच.

पाऊस थांबलाच नाही तर टाउन हॉलचं संग्रहालय आहे. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर 1945-46 साली उत्खनन झालं. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी रोमशी चालणाऱ्या व्यापारातून इथं आलेल्या वस्तू त्या टेकडीवर सापडल्या. पोसायडन या समुद्रदेवाची ब्राँझची छोटी मूर्ती त्यांतलीच. समुद्राचा देव सह्याद्री चढून आपल्या गावात कसा आला असेल, याचा विचार करा! संग्रहालय उघडं आहे का, याची चौकशी मात्र आधी करा.

पालकांसाठी दोन शब्द

मुलांबरोबर चालत जा. गाडीवरून पाट्या वाचता येत नाहीत. पावसाळ्यात पंचगंगा लांबूनच दाखवा. राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांवर गेलं की इशारा आणि 43 फुटांवर गेलं की धोका, हे आकडे मुलांना पाठ असू द्या. 2019 आणि 2021 साली पाणी 55 फुटांच्याही वर गेलं होतं, ते आपण सर्वांनी पाहिलं आहे. आणि एक विनंती. तुमच्या लहानपणी असलेलं एखादं तळं, ओढा किंवा विहीर आज नसेल, तर त्या जागी मुलांना घेऊन उभे राहा आणि तिथं काय होतं ते सांगा. तुम्ही नाही सांगितलं, तर मुलांना कळायचं कसं?

सापडलेल्या तळ्याची हकिगत पत्रानं जरूर कळवा. सोबत हातानं काढलेला नकाशा असेल तर फारच उत्तम.

भेटू पुढच्या रविवारी!

तुमचा,
मामा