लॅपटॉपलाही आता टाइप-सी! पण फोनचा चार्जर चालेल का?

युरोपियन युनियनने 28 डिसेंबर 2024 पासून नव्या फोनना आणि 28 एप्रिल 2026 पासून नव्या लॅपटॉपना टाइप-सी चार्जिंग सक्तीचं केलं. हा नियम भारतात लागू नाही. पण कंपन्या सहसा प्रत्येक देशासाठी वेगळं मॉडेल काढत नाहीत, त्यामुळे फायदा आपल्यालाही होऊ शकतो.

समजा, तुम्ही कुरकुंभ एमआयडीसीत कामाला आहात आणि दौंडहून रेल्वेने पुण्याला ये-जा करता. साधारण 75 किलोमीटरचा प्रवास, जाताना एक्सेल, येताना सिनेमा. डब्यात प्लग मिळेलच असं नाही. मग बॅगेत दोन चार्जर कशाला?

इथेच फसगत होते. टाइप-सी हा फक्त पिनचा आकार आहे. फोनच्या चार्जरवर 67 वॅट लिहिलेलं असलं, तरी तो वेग बऱ्याचदा त्याच कंपनीच्या फोनपुरता असतो. लॅपटॉपला ‘पॉवर डिलिव्हरी’ म्हणजे पीडी चार्जर लागतो, साधारण 45 ते 65 वॅटचा. तो फोनलाही चालतो.

दुकानात तीन गोष्टी विचारा: टाइप-सी पोर्टने चार्जिंग होतं की फक्त डेटा जातो? वजन दीड किलोच्या आत आहे का? बॅटरी किती वॅट-अवर? 50 वॅट-अवरची बॅटरी 8 वॅटच्या हलक्या कामाला सहा तास पुरते. गेम लावला की हे गणित कोसळतं.

सेकंडहँड घेताना तर पोर्ट आधी तपासा, पैसे नंतर द्या.