उल्लेख म्हणजे चित्रण नव्हे

अमेरिकी सुपरहिरो कॉमिक्समधील समलिंगी पात्रांविषयीची चर्चा बहुधा पात्रांच्या गणनेपाशी येऊन थांबते. अशी पात्रे आली, तेव्हा प्रश्न मिटला, असे एक पक्ष म्हणतो. साहसकथेत प्रणय हे दुय्यम उपकथानक, त्याचा एवढा बाऊ कशाला, असे दुसरा विचारतो. या साहित्यप्रकाराच्या घडणीकडे दोघांचेही दुर्लक्ष झाले आहे.

१९३८ पासून क्लार्क, लोइस आणि सुपरमॅन या त्रिकोणानेच नायकाच्या गुप्त ओळखीला भावनिक अर्थ दिला. नायकाचे माणूसपण येथे प्रणयातून सिद्ध होते. १९५४ च्या कॉमिक्स कोडने ‘लैंगिक विकृती’चे चित्रणच नव्हे, तर तिचे सूचनही निषिद्ध ठरवले आणि समलिंगी प्रेम त्यात गणले गेले. व्यंजनेचे सामर्थ्य नियंत्रकांनी ओळखले होते. पात्रे मोजणाऱ्या समीक्षेला ते अद्याप उमगलेले दिसत नाही.

१९९२ मध्ये ‘अल्फा फ्लाइट’च्या १०६ व्या अंकात नॉर्थस्टारने आपण समलिंगी असल्याचे जाहीर केले. ही घटना ऐतिहासिक खरीच. परंतु भावाचा केवळ नामोच्चार केल्याने रसनिष्पत्ती होत नाही. म्हणूनच मम्मटाने स्वशब्दवाच्यतेची गणना रसदोषांत केली. नॉर्थस्टारचा विवाह वाचकांपुढे आला तो थेट २०१२ मध्ये.

२०१३ मध्ये डीसीने बॅटवुमन केट केन आणि मॅगी सॉयर यांच्या विवाहाला नकार दिला, तेव्हा सहलेखक जे. एच. विल्यम्स व डब्ल्यू. हेडन ब्लॅकमन मालिकेतून बाहेर पडले. नायकांना सुखी खासगी आयुष्य नसावे, असा बचाव संस्थेच्या वतीने करण्यात आला. तो अगदीच निराधार नाही. मार्व्हलने स्पायडरमॅनचा विवाह २००७ मध्ये, तर डीसीने सुपरमॅनचा २०११ मध्ये पुसून टाकला. मात्र पहिला संसार १९८७ पासून वीस वर्षे आणि दुसरा १९९६ पासून पंधरा वर्षे नांदला होता. बॅटवुमनच्या वाट्याला एक दिवसही आला नाही. इतिहास असा विषम असताना एकच नियम सर्वांना लावणे म्हणजे जुनी विषमता नव्या नावाने चालू ठेवणे होय.

२०२१ मध्ये जॉन केंटच्या चुंबनचित्राची बातमी जगभर गाजली. समीक्षेचे काम बातमीनंतर सुरू होते. हे प्रेम वगळले तर कथानक बदलते काय, हा प्रश्न तिने विचारला पाहिजे. उत्तर नकारार्थी असेल, तर पात्र आले आहे, पण त्याचे चित्रण अजून व्हायचेच आहे.