‘नऊ महिने नाही खाल्लं तर काय बिघडतं?’ : बरंच काही बिघडतं

गर्भवती स्त्रीच्या ताटातून एखादा पदार्थ उचलून घेताना आपल्याकडे एक वाक्य हमखास उच्चारले जाते. ‘‘कशाला उगाच धोका? नऊ महिने नाही खाल्लं तर काय बिघडतं?’’ मग यादी सुरू होते. पपई नको, अननस नको. अंडे उष्ण, मासे बाधतात, केळ्याने कफ होतो. फार खाऊ नकोस, बाळ मोठे होईल आणि बाळंतपण अवघड जाईल. ग्रहणात तर पाण्याचा घोटही नको.

या वाक्यात एक गृहीतक दडलेले आहे. खाण्यात धोका असतो, न खाण्यात नसतो. म्हणजे मनाई फुकट असते. माझा वाद या गृहीतकाशी आहे. भौतिकशास्त्रात प्रबंध लिहिलेल्या माणसाने गर्भवतीच्या ताटात का डोकावावे, असे कोणी विचारील. उत्तर सरळ आहे. एखाद्या व्यवस्थेतून काही काढून घेणे हासुद्धा हस्तक्षेप असतो आणि प्रत्येक हस्तक्षेपाचा परिणाम मोजावा लागतो, हे आम्हांला पहिल्या प्रयोगवहीपासून शिकवतात. औषध देणाऱ्याकडे आपण पुरावा मागतो. अन्न काढून घेणाऱ्याकडे मात्र कोणीच मागत नाही.

आधी ज्या ताटातून आपण काढून घेत आहोत, ते ताट पाहू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातल्या ५२.२ टक्के गर्भवती रक्तक्षयी आहेत. चौथ्या फेरीत हे प्रमाण ५०.४ टक्के होते. मी राहतो त्या छत्तीसगडात ते ४१.५ वरून ५१.८ टक्क्यांवर गेले. महाराष्ट्रात ते थोडे उतरले, तरी ४५.७ टक्के आहेच. डायन कॉफी यांनी २००५-०६ च्या सर्वेक्षणाच्या आधारे केलेला हिशेब २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार गर्भधारणेच्या सुरुवातीलाच भारतातल्या ४२.२ टक्के स्त्रिया कमी वजनाच्या होत्या आणि संपूर्ण गरोदरपणात त्यांचे वजन सरासरी अवघे ७ किलोच्या आसपास वाढत होते. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत कमी वजनाचे हेच प्रमाण १६.५ टक्के होते. असे हे ताट मुळातच अर्धे रिकामे आहे. त्यातून आणखी एक घास कमी करण्याला ‘खबरदारी’ म्हणणे ही भाषेची थट्टा आहे.

ही केवळ घरातल्या वडीलधाऱ्यांची समजूत असती, तर एवढे लिहिण्याचे कारण नव्हते. जून २०१७ मध्ये केंद्रीय आयुष मंत्रालयाच्या अखत्यारीतील योग व निसर्गोपचार संशोधन परिषदेची माता-बाल संगोपनावरची पुस्तिका देशभर गाजली. वर्तमानपत्रांनी तिच्यातला कामवासनेचा उल्लेख उचलला आणि चार दिवस विनोद झाले. खरा गंभीर भाग बाजूला राहिला. इच्छा, क्रोध, मोह, द्वेष यांपासून गर्भवतीने दूर राहावे असे ती पुस्तिका सांगत होती आणि टाळायच्या पदार्थांत चहा, कॉफी, साखर, मैदा, तळलेले पदार्थ यांच्याच रांगेत अंडी व सामिष आहार बसवत होती. टीका झाल्यावर मंत्रालयाने खुलासा केला की ही माहिती योग व निसर्गोपचाराच्या प्रत्यक्ष उपचारांतील अनुभवातून संकलित केली आहे. अनुभव हा संशोधनाचा आरंभ असू शकतो. तोच निष्कर्ष म्हणून छापता येत नाही. ज्या संस्थेच्या नावातच ‘संशोधन’ आहे तिने तरी तो भेद पाळायला हवा होता. ५० टक्के रक्तक्षयाच्या देशात मैदा आणि अंडे एकाच ओळीत लिहिणे ही मुद्रणदोषाएवढी किरकोळ बाब नव्हे.

‘आपली परंपरा तसे सांगते’ हा बचाव तर मुळीच टिकत नाही. ज्या परंपरेचा हवाला दिला जातो तिचे ग्रंथ उघडून पाहावेत. चरक आणि सुश्रुत दोघेही गर्भवतीला ‘दौहृदिनी’, म्हणजे दोन हृदयांची, मानतात. तिच्या इच्छा अपुऱ्या ठेवल्या तर गर्भाला इजा होते असे बजावतात. आपला ‘डोहाळे’ हा शब्द त्याच घराण्यातला. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात कोणत्या मांसाचे डोहाळे लागले तर मूल कसे निपजेल याची यादी आहे. तीत घोरपड आहे, रेडा आहे, रानडुक्कर आहे, गोमांसही आहे. त्याच स्थानात पुढे चौथ्या महिन्याच्या आहारात दूध-लोण्याबरोबर जांगल प्राण्यांचे मांस सांगितले आहे. डोहाळ्यांवरून अपत्याचा स्वभाव ओळखण्याला आज कोणताही शास्त्रीय आधार नाही. परंतु इच्छेचा त्याग करा आणि मांस वर्ज्य करा हे त्या ग्रंथांच्या नावावर खपवणे हे विज्ञानाशी तर विसंगत आहेच, परंपरेशीही अप्रामाणिक आहे.

आता डोहाळ्यांविषयी. ‘शरीराला जे कमी पडते तेच मागावेसे वाटते’ हे विधान विज्ञानप्रेमी मंडळींतही लोकप्रिय आहे. ते बहुतांशी चुकीचे आहे. आपल्याकडे चिंच-कैरी आठवते, अमेरिकेत लोणच्यातली काकडी आणि आइसक्रीम. स्त्रियांची शरीरे तीच, फरक संस्कृतीचा. डोहाळे म्हणजे रक्ततपासणीचा अहवाल नव्हे. एक महत्त्वाचा अपवाद आहे. माती, राख, पाटीवरची पेन्सिल, कोरडे तांदूळ किंवा बर्फ खाण्याची अनावर ओढ लोहाच्या कमतरतेबरोबर वारंवार आढळते. कमतरतेमुळे माती खावीशी वाटते की माती खाल्ल्याने लोहाचे शोषण घटते, हा कार्यकारणाचा प्रश्न अद्याप पूर्ण सुटलेला नाही. पण अशा स्त्रीचे हिमोग्लोबिन त्याच आठवड्यात तपासावे, एवढे निश्चित. आपण मात्र तिला हसतो, कौतुक करतो, नाहीतर रागावतो. जिथे डोहाळे खरोखर काही सांगत असतात, नेमके तिथे आपण कान बंद करतो.

तरीही डोहाळ्यांचे एक मोल मी मानतो आणि ते जैविक नव्हे, सामाजिक आहे. मराठी घरातले डोहाळजेवण आणि इथल्या छत्तीसगडी घरातली सातव्या महिन्याची सधौरी ही दोन्ही दुर्मीळ स्थाने आहेत, जिथे सर्वांत शेवटी जेवणाऱ्या सुनेला ‘तुला काय खावंसं वाटतं?’ असे विचारले जाते. हा प्रश्न एका दिवसाचा सोहळा न राहता नऊ महिने रोज विचारला गेला, तर कितीतरी सरकारी योजनांचे काम हलके होईल.

आहाराचा परिणाम मोजणारे काम आपल्याच भाषेच्या प्रदेशात झाले आहे आणि त्याची चर्चा मराठीत फार थोडी होते. १९९०च्या दशकात पुण्याजवळच्या सहा खेड्यांत के.ई.एम. रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी गर्भवतींच्या आहाराचा अभ्यास केला. बाळाच्या जन्मवजनाचा संबंध निव्वळ उष्मांकांशी वा प्रथिनांशी फारसा दिसला नाही; दूध, हिरव्या पालेभाज्या आणि फळे किती वेळा खाल्ली याच्याशी दिसला. याच अभ्यासात सुमारे दोन-तृतीयांश मातांमध्ये ब-१२ जीवनसत्त्व कमी आढळले. हे जीवनसत्त्व वनस्पतींत नसते. दूध, अंडी, मासे, मांस यांतूनच मिळते. जिला दूध परवडत नाही तिच्यासाठी अंडे हा स्वस्त आणि सोपा मार्ग. तोच आपण ‘उष्ण’ म्हणून बंद करतो.

निरीक्षणावरून कार्यकारण सिद्ध होत नाही, म्हणून पुढे मुंबईच्या वस्त्यांत प्रत्यक्ष चाचणी झाली. काही स्त्रियांना पालेभाज्या, फळे व दूध असलेला रोजचा खाऊ दिला, इतरांना कमी पोषक भाज्यांचा. २०१४ मध्ये निष्कर्ष आले. सर्वांचा एकत्र विचार करता जन्मवजनात ठोस फरक नव्हता. गर्भधारणेच्या किमान तीन महिने आधीपासून खाऊ घेतलेल्यांच्या बाळांत सरासरी ४८ ग्रॅमची वाढ दिसली. पुढच्या विश्लेषणात गरोदरपणातल्या मधुमेहाचे प्रमाण १२.४ टक्क्यांवरून ७.३ वर आलेले आढळले. विद्यार्थ्यांनी यातली शिस्त पाहावी. अपेक्षित मुख्य परिणाम मिळाला नाही हे संशोधकांनी उघडपणे छापले. निषेधांच्या किती याद्यांनी आजवर असा एकतरी हिशेब दिला आहे?

पपईचेच घ्या. २००२ मध्ये सिंगापूरच्या संशोधकांनी उंदरांवर प्रयोग केला. पिकलेल्या पपईने गर्भावर दुष्परिणाम दिसला नाही. कच्च्या पपईच्या चिकाने गर्भाशयाचे स्नायू आकुंचन पावले. प्रयोग उंदरांवरचा आहे, तेव्हा त्याची मर्यादा ध्यानात ठेवावी. कच्ची पपई टाळणे शहाणपणाचे. पण या अर्ध्या सत्यावर पिकलेले, स्वस्त, परसातले फळ लाखो स्त्रियांना नाकारले जाते.

ग्रहणाबद्दल तर माझ्या विषयाचा माणूस गप्प बसूच शकत नाही. ७ सप्टेंबर २०२५ चे चंद्रग्रहण रात्री ९.५७ ते १.२६ होते. वेध नऊ तास आधीपासून धरले, तर दुपारी एकपासून मध्यरात्र उलटेपर्यंत, म्हणजे बारा तासांहून अधिक काळ, उपाशी राहावे लागते. गरोदरपणात रक्तातली साखर उपवासाने लवकर उतरते आणि कीटोन लवकर वाढतात. पंचांगकर्तेही गर्भवतींना वेधात सवलत देतात. घरातली भीती मात्र पंचांगाहून कडक असते. आणि चंद्रग्रहण म्हणजे काय? पृथ्वीची सावली चंद्रावर पडणे. रात्र म्हणजे काय? आपण स्वतः त्याच पृथ्वीच्या सावलीत असणे. त्या सावलीत आपण रोज जेवतो. मग ती पावणेचार लाख किलोमीटरांवर चंद्राला शिवली की इथला वरणभात विषारी कसा होतो?

या याद्यांचा सर्वांत मोठा दोष त्यांत नसलेल्या गोष्टींत आहे. महाराष्ट्रातली मिशरी आणि छत्तीसगडातला गुडाखू दातांना लावणाऱ्या गर्भवतीला किती घरांत अडवले जाते? मुंबईत झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले. ज्या घरात पपईवर पहारा असतो, त्याच घरात मिशरीची डबी खिडकीत उघडी असते. खबरदारीच घ्यायची असेल तर ती इथे घ्या. दारू व तंबाखू पूर्ण बंद. न उकळलेले दूध, अर्धकच्चे अंडे-मांस, शार्कसारखे मोठे शिकारी मासे टाळावेत. चहा-कॉफी मर्यादेत आणि जेवणापासून तासभर दूर, कारण चहा लोहाचे शोषण रोखतो. खरी यादी एवढी लहान आहे.

एका आक्षेपाला उत्तर देणे भाग आहे. ‘आम्ही शाकाहारी आहोत, आमच्यावर अंडे लादू नका.’ मान्य. शाकाहारी गर्भवतीने दूध-दही, डाळी, मुनग्याचा पाला, जेवणात लिंबू आणि वैद्यकीय सल्ल्याने ब-१२ व लोहाच्या गोळ्या घ्याव्यात. तिचे आरोग्य उत्तम राहू शकते. पण २०१९ मध्ये छत्तीसगडात शाळेच्या माध्यान्ह भोजनात अंडे देण्यावरून विरोध झाला तेव्हा जो प्रश्न होता, तोच इथेही आहे. नकाराचा हक्क आपल्या ताटापुरता असतो, दुसऱ्याच्या ताटापर्यंत तो पोहोचत नाही. ज्यांना अंडे हवे आहे आणि ज्यांच्या रक्ताला त्याची गरज आहे, त्यांच्या वाट्याचे अंडे थांबवणे ही श्रद्धा नव्हे, सत्ता आहे.

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, पुढच्या वेळी घरात, वर्गात किंवा एखाद्या सरकारी पुस्तिकेत ‘हे खाऊ नये’ असे वाचाल, तेव्हा विचारा: हे कोणी मोजले, किती स्त्रियांवर मोजले, आणि न खाल्ल्याने काय गमावले ते मोजले का? पुराव्याचे ओझे खाणारीवर नाही, ताट ओढून घेणाऱ्यावर आहे. तो पुरावा आणेपर्यंत ताट जिथे आहे तिथेच, तिच्यासमोर, राहू द्यावे.